भाव कालचा, आवक उद्याची

भाबी वर्तमानपत्र मागून पुढे वाचायची. सकाळी पेपर आला की आधी तो पालथा घालायची, बाजारभावाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायची, आणि तिथून जाहीर नोटिसा, टेंडरं, हवामान असं करत पहिल्या पानाशी पोचेपर्यंत तिचा चहा संपलेला असायचा. पहिलं पान ती बहुतेक वेळा वाचायचीच नाही, मसाल्याच्या फळीवर अंथरून टाकायची. आमचे हे तिला चिडवायचे, "भाबी, उर्दूची सवय काय जात नाय तुमची." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "उर्दूची नाय भाऊ, धंद्याची. पयल्या पानावरची बातमी सगळ्या गावाला म्हाईत असते. तिच्यात काय कमवनार?"

मी बोनकोडे गावची सून. आमच्या सासऱ्यांची शेतं सरकारने वसवलेल्या नव्या शहराखाली गेली. उरलेल्या जागेत त्यांनी घरामागे खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. शेत कसणारा माणूस घरमालक झाला आणि त्याचं सगळं लक्ष भाडेकरूंचे नळ नीट बंद आहेत की नाहीत यावर आलं. त्यातल्याच एका खोलीत भाबी राहायला आली. ती मूळची रायगडच्या किनाऱ्याकडची, कोकणी मुसलमान. तिचा नवरा युसूफभाई कुवेतला इलेक्ट्रिशियन होता. तिचं नाव जुबेदा, पण माझ्या सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला भाबीच म्हणायचे.

पेपरचं वेड तिला आधी नव्हतं. इराकचं लष्कर कुवेतमध्ये शिरलं आणि युसूफभाईंचा फोन, पत्र, सगळंच बंद झालं, तेव्हापासून ती रोज सकाळी आमच्या ओटीवर येऊन पेपर घेऊन बसायला लागली. पहिल्या पानावर रणगाडे आणि पुढाऱ्यांचे फोटो असायचे. युसूफभाईंसारखी माणसं कुठे आहेत ते तिथे कुठेच नसायचं. ते तिला एके दिवशी आतल्या पानावर, तळाशी, बोटभर बातमीत सापडलं. अडकलेल्या भारतीयांना अम्मानवरून विमानाने आणायला सुरुवात झाली होती. मी देवासमोर साखर ठेवायला धावले. भाबी तिथेच बसल्या बसल्या म्हणाली, "सुमन, मानूस येनार. पन रिकामा येनार. आपल्याला आता कायतरी सुरू करायला लागेल."

युसूफभाई खरोखरच एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यांना पाहून ती दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांना भेटायला गेली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला, कारखान्यांच्या तोंडाशी आमचा एक तुकडा मोकळा पडला होता. तिथे तिला माझ्यासोबत खानावळ काढायची होती. सासरे म्हणाले, "माज्या सुनेला शिकलेली म्हून आनली, रांधायला नाय." भाबी म्हणाली, "बाबा, रांधीन मी. ती बाजार करील." आणि तसंच झालं. भाबी चूल आणि पेपर सांभाळायची, मी वाशीच्या मार्केटला आणि करावे गावाच्या मासळीवालीकडे जायची. डोकं तिचं, पाय माझे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मटण तिने खानावळीत ठेवलंच नाही. कुणाला हलाल लागतं, कुणाला चालत नाही, त्यापेक्षा मासे, अंडी आणि भाजी. "पोटात वाद नको," एवढंच तिचं म्हणणं. तिच्या हातचं कोळंबीचं कालवण खायला दुसऱ्या पाळीचे कामगार पाळी सुटायच्या आधीपासून घड्याळ बघत.

कोणतीही बातमी वाचली की तिचा एकच प्रश्न असायचा. "ही कोनाच्या ताटात पडनार?" ट्रकवाल्यांचा संप होणार अशी बातमी आली की मी संपाबद्दल बोलायची, सरकार काय करेल वगैरे. ती विचारायची, "बटाटा कुठनं येतो आपला? आनि पालेभाजी?" बटाटा लांबून यायचा, भाजी जवळून. मग आठवडाभर आमच्या ताटात मुळा, माठ आणि चवळी. सरकार काय करणार याचा विचार तिने सरकारवर सोडलेला असायचा.

मार्केटमधून मी भाव लिहून आणायची. ते ती नुसते ऐकून घ्यायची आणि विचारायची, "गाड्या किती लागल्या होत्या?" पहिल्या पहिल्यांदा मला राग यायचा. एवढं उन्हातान्हात फिरून भाव आणावेत आणि हिने गाड्यांची चौकशी करावी. मग तिने एकदा भाकरी थापता थापता समजावलं, "भाव कालचा असतो गो. काल झाला, संपला. आवक उद्याची असते. आज माल किती उतरला ते बघ, उद्या काय होनार ते कळतं." त्यानंतर मार्केटच्या दारातून शिरताना माझी नजर आपोआप गाड्यांच्या रांगेवर जायला लागली. अजूनही जाते.

तिचं नेहमी बरोबरच यायचं असं मात्र मुळीच नाही. एका गणपतीत तिने वाचलं की कोकणात जायला जादा गाड्या सोडल्यात. तिने हिशेब मांडला की निम्मे कामगार गावाला जाणार, म्हणून स्वयंपाक निम्मा करायचा. कोकणातले कामगार गेलेही. पण आजूबाजूच्या चहाच्या टपऱ्या आणि खानावळी चालवणारेही कोकणातलेच होते, तेही कुलपं लावून गेले. उत्तरेकडचे झाडून सगळे कामगार दुपारी आमच्या दारात. नेमका त्या दिवशी आमच्या घरी गौरीचा तिखटाचा नैवेद्य होता. आम्हा आगऱ्यांकडे गौरीला चिंबोऱ्या लागतात. भाबी धावत घरी आली, सासूबाईंच्या समोरून चिंबोऱ्यांच्या रश्श्याचं पातेलं उचललं आणि रिक्षात ठेवलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, "अगं, माज्या गौरीचं हाय तें!" भाबी रिक्षातून म्हणाली, "गौरीनं खाल्लंय आये, आता तिच्या पावन्यांना घालते." ज्यांनी जन्मात खेकडा पाहिला नव्हता ती माणसं ताटातल्या नांग्यांकडे बघत बसली होती आणि भाबी एकेकाच्या शेजारी बसून नांगी कशी फोडायची ते दाखवत होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "जानारे मोजले, बंद करनारे मोजले नाय. चुकले." चूक सांगायला तिला कधी वेळ लागला नाही.

म्हणूनच तिने खानावळ बंद करायचं म्हटलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. धंदा जोरात होता. समोरच्या मोठ्या कारखान्याने तर आम्हाला कॅन्टीनचं काम द्यायची तयारी दाखवली होती. आमचे हे त्याच कारखान्यात होते, त्यामुळे घरात पेढे यायचेच बाकी होते. भाबीने मात्र पेपरातल्या दोन जाहिराती माझ्यापुढे ठेवल्या. एकीत त्याच कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लांटसाठी माणसं हवी होती. दुसरीत वाशीच्या मार्केटजवळ नव्या ऑफिसांचे गाळे निघाले होते. "आनि तिसऱ्या पाळीची ताटं बघ," ती म्हणाली. "कधीपासनं कमी होतायत. आवक आटली, सुमन."

सासरे चिडले. "चालता धंदा कोन बंद करतं? ही जमिनीची शेवटची चिपळी ऱ्हायलीय आमची." मलाही ती जागा सोडवत नव्हती. तिथल्या चुलीजवळच्या भिंतीला टेकून आम्ही दोघींनी किती दुपारी काढल्या होत्या. मी भाबीशी बरेच दिवस धड बोलले नाही. ती मात्र रोज माझ्यासाठी कोळंबी वेगळी काढून ठेवायची, आणि मी रुसून का होईना पण खायची. शेवटी सासरे नमले, ती जागा सोडली आणि आम्ही वाशीला गाळा घेतला. भाबीने आमच्या ह्यांनाही सांगितलं, "भाऊ, कंपनी स्वखुशीनं सुटायचं विचारते तेव्हाच सुटा. मागनं खुशी नसते." ह्यांनी कुरकुरत ऐकलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि डब्यांची ने-आण करायला टेम्पो घेतला.

कारखाना बंद झाला त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने "बघ, मी बोलले होते" असं म्हणावं म्हणून मी वाटच बघत होते, कारण मग मला तिच्यावर थोडं तरी रागावता आलं असतं. त्याऐवजी तिने वाशीहून भात आणि डाळीचे डबे भरून टेम्पो गेटवर पाठवला, आणि गेटवर बसलेल्या माणसांना आम्ही वाढलं. ह्यांच्या पाळीतले मित्र जेवता जेवता ह्यांच्याकडे बघत होते आणि ह्यांना वर बघवत नव्हतं.

वाशीच्या गाळ्यात आमचं नशीब उघडलं. कांद्याने ज्या वर्षी राज्यकर्त्यांनाही रडवलं त्या वर्षाची गोष्ट सांगते. कांदा स्वस्त होता तेव्हाच भाबीने नाशिककडे पावसाने रोपं झोडपल्याची बारकी बातमी वाचली. कुणीही गोण्या भरून ठेवल्या असत्या. तिने ताटातला चिरलेला कांदा हळूहळू कमी केला आणि त्या जागी कोबीची लिंबू पिळलेली कोशिंबीर वाढायला सुरुवात केली. कांदा भडकला तोवर आमच्या गिऱ्हाइकांना कोशिंबिरीची चटक लागली होती. "बदल सांगायचा नसतो," ती म्हणायची, "सवय लावायची असते." मला तिचीच सवय लागत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

युसूफभाई पुन्हा कुवेतला गेले ते भाबीनेच शोधलेल्या जाहिरातीवरून. इथे ते जीव लावून काम करायचे, पण संध्याकाळी ओटीवर गप्प बसून राहायचे. वर्षभरात त्यांनी बायकोलाही बोलवायची सोय केली. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर भाबीने व्हिसाचा कागद माझ्यासमोर ठेवला. इतकी वर्षं "भाबी, काय करायचं?" असं मी विचारत आले होते. त्या दिवशी तिने विचारलं. "ही आपल्याच ताटात पडली, सुमन. सांग, काय करायचं?"

मला 'जाऊ नको' म्हणायचं होतं. पण मी कागदाकडे बघितलं आणि तिने शिकवल्याप्रमाणे विचार केला. एकदा युद्धात हरवून परत मिळालेला नवरा, तिकडे एकटा. तिचं वय. पुढची वर्षं. मी म्हटलं, "जा." ती मग उठली आणि रात्रीच्या जेवणासाठी तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशीच्या तांदळात खडे फारसे नव्हते, तरी ती बराच वेळ निवडत होती.

जाताना तिने मला काही उपदेश केला नाही. विमानतळावर सासूबाईंच्या पाया पडली. सासऱ्यांनी तिच्या हातात सुक्या कोळंबीची, सोड्यांची पुडी दिली आणि तोंड फिरवून उभे राहिले. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होता. तो वळ गेला तेव्हा मला रडू आलं.

खानावळ चालू राहिली, वाढली. पण पेपर आला की मी तो पालथा घालते, बाजारभावावर बोट ठेवते, आणि "ही कोणाच्या ताटात पडणार" हे मोठ्याने विचारायला मान वर करते. समोर चूल असते, पोळ्या लाटणाऱ्या बायका असतात, सगळं असतं. मला ती हवी असते.

सुरुवातीला तिचे फोन दर शुक्रवारी यायचे, मग सणावारी, मग कधीतरी. असाच एका शुक्रवारी दुपारी आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "सुमन, तेव्हा तू 'थांब' का नाय बोललीस?"

मी म्हटलं, "तूच शिकवलंस ना? आवक बघायची. तुझं पुढचं सगळं तिकडं होतं."

"हां. बरोबर बोललीस तू." ती म्हणाली. "पन तू 'थांब' बोलली असतीस, तर मी थांबले असते."

मी गल्ल्यामागच्या भिंतीला टेकले. मग तिनेच विचारलं, "आज कांद्याच्या किती गाड्या लागल्या?"

तिला तिथे वाशीतल्या कांद्याचं काय करायचं होतं? पेपर माझ्यासमोर पालथाच पडला होता. मी आवकेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवायला लागले. कांदा झाला, बटाटा झाला, लसूण झाली. ती 'थांब' म्हणेना, म्हणून मी पुढची ओळ वाचत राहिले.