शिळा स्क्रीन

बीडमध्ये मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. या धंद्यातला सगळ्यात घातक शब्द कोणता विचाराल, तर 'सध्या'. सध्या चालतंय ना, मग राहू द्या. गिऱ्हाईक असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या वेळी मात्र हे मीच म्हणालो होतो.

बसस्टँडपासून जरा आत एक छोटी रक्त तपासायची लॅब होती. रक्त मोजणारं तिथलं यंत्र जुनं, पण ठणठणीत. त्याचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं, आणि ती विंडोज ज्या कॉम्प्युटरवर होती तो एके दिवशी कायमचा बसला. मी नवा कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे नव्या स्क्रीनवर एक चौकट, आणि त्या चौकटीत जुना कॉम्प्युटर विंडोजसकट जसाच्या तसा. लॅब चालवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त. तो चौकटीकडं बघत म्हणाला, "लई भारी काम केलंस बे." मी फुगलो.

दोन दिवसांत त्याचा फोन आला. चौकट काळी पडली होती. मी आतल्या मशीनची व्हिडिओ मेमरी वाढवली, चौकट उजळली. मग अक्षरं मुंगीएवढी झाली, ती रिझोल्यूशन बदलून मोठी केली. मग चित्र फाटायला लागलं, तेव्हा सेटिंगमधल्या एका चौकोनात टिचकी मारून ग्राफिक्सचा वेग वाढवला. चित्र सुरेख दिसायला लागलं, आणि नेमका तिथून खरा त्रास सुरू झाला. चौकट अधूनमधून गोठायची. आतलं मशीन चालूच असायचं, रक्त मोजायचं, आकडे नोंदवायचं, पण बाहेर आधीच्याच माणसाचे आकडे दिसत राहायचे. काळा स्क्रीन परवडला, तो निदान काही दाखवत नाही. हा खोटं दाखवत होता आणि चेहरा अगदी साळसूद. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

खरा इलाज मला माहीत होता. आतल्या विंडोजमध्ये योग्य डिस्प्ले ड्रायव्हर टाकायचा, बस. पण त्यासाठी अर्धा दिवस यंत्र बंद ठेवावं लागलं असतं आणि गावात तापाची साथ होती. म्हणून मी दोस्ताला जुगाड शिकवला. "चौकटीच्या वरच्या पट्टीत नमुन्याचा नंबर आणि घड्याळ दिसतं. घड्याळ थांबलं की समज, चित्र शिळं हाय. मग चौकट धरून जरा लहान-मोठी करायची. लगेच ताजं होतं."

"एवढंच व्हय?"

"सध्या एवढंच."

प्रिंटर आतल्या मशीनला जोडायचाही राहिलाच होता. स्क्रीनवरचे आकडे वाचून ते लेटरपॅडवर पेनानं लिहायचे, अशी लॅबची पद्धत पडून गेली होती.

शेवटी ड्रायव्हर टाकायला खंडेनवमीचा दिवस ठरला. मी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, तर पूजा आटोपून दोस्त दारातच उभा. "आज पूजलेलं यंत्र उघडायचं न्हाई. उद्या सोनं वाटून झालं की कर काय करायचं ते." लॅब मात्र पूर्ण बंद ठेवता येत नव्हती, अडल्यानडल्याचा नमुना घ्यावाच लागणार होता. यंत्र चालवायचं, पण दुरुस्त करायचं नाही, असा आमचा सोयीचा धर्म. यंत्राला हळदकुंकू लागलं होतं आणि स्क्रीनवर झेंडूचा जाडजूड हार चढला होता. हार बरोबर वरच्या पट्टीवर लोंबत होता. मला तो दिसला, शपथेवर सांगतो, दिसला. छान दिसतंय, एवढंच मनात आलं.

पूजेनंतरचा पहिला नमुना म्हणून दोस्तानं माझाच हात ओढला. "तुझंच रक्त काढू बे आधी, फुकट हाय." आकडे आले, मी ते बघितलेही नाहीत. मग तो नैवेद्याला घरी गेला. मागं राहिलो आम्ही दोघं, पेढे खात बसलेला मी आणि त्याच आठवड्यात कामाला लागलेली सिस्टर. चौकट हलवायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं नेकनूरकडची एक बाई आली. पस्तिशीची असेल. दोन पायऱ्या चढून बाकावर टेकली ती कितीतरी वेळ बोलेनाच, नुसती धापा टाकत होती. ओठ पांढुरके. रक्त काढून घेताना म्हणाली, "उद्या उसाला गाडी निघायलीय आमची. डॉक्टर म्हणले, रक्त कमी निघालं तर जायचं न्हाई, भरती व्हायचं. चांगलं निघालं तर खुशाल जा. ते आज गावाला गेलेत."

सिस्टरनं स्क्रीनवर बघून आकडे लिहिले, कागद तिच्या हातात दिला. बाईनं तो माझ्यापुढं धरला. "दादा, जरा वाचून सांगा की. कसं हाय?"

मी वाचलं. हिमोग्लोबिन चौदा पॉइंट दोन. "चौदा हाय ताई! एवढं तर माझंबी नसंल."

ती हसली नाही. "मंग दम कावून लागतोय?"

"थकवा असंल," मी म्हणालो. कॉम्प्युटरचे स्क्रू पिळणारा मी, मला कुणी विचारलं होतं डॉक्टरकी करायला? वर मी तिला पेढाही दिला. तिनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरली.

दसऱ्याला सकाळी दोस्ताचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "इकडं ये. आत्ताच्या आत्ता."

त्यानं सुकलेला हार काढला होता. पट्टीतलं घड्याळ आदल्या दिवशीच्या सकाळवरच थांबलं होतं. माझ्यासमोर त्यानं चौकट जरा ओढली आणि आतली खरी यादी वर आली. नवमीचे दोनच नमुने. पहिल्यासमोर चौदा पॉइंट दोन, तो मी. दुसऱ्यासमोर चार पॉइंट सहा. मी तिला माझं रक्त वाचून दाखवलं होतं.

वहीत नाव होतं, गाव होतं, फोन नंबर नव्हता. मी गाडीला किक मारली. नेकनूरला लोक नवे कपडे घालून आपट्याची पानं वाटत होते. एकानं थांबवून माझ्याही हातात पानं दिली, "सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणाला. मी त्यालाच घर विचारलं. वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी शेरडांना पाला टाकत होती.

"सकाळीच गाडी गेली," ती म्हणाली. "दसऱ्याचा मुहूर्त धरला मुकादमानं."

"कुठल्या कारखान्याला?"

"कर्नाटकात म्हणत होते. आमाला काय ठावं."

तिच्या नातवाच्या मोबाइलमधून मुकादमाचा नंबर मिळाला. मी लावला, बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. पुढचे कितीतरी दिवस मी तो लावत राहिलो. त्या बाईचं पुढं काय झालं, हे मला आजही माहीत नाही.

म्हातारी माझ्याकडं बघत होती. "नवरा म्हणत होता तिला, औंदा तू ऱ्हा, मी ऊस तोडायला दुसरा जोडीदार बघतो. तर तिनंच कागद काढून दाखवला. म्हणली, लॅबमधल्या सायबानं सोता वाचून सांगितलंय, चौदा हाय."