जिजाआत्या आणि मारामारीची पुस्तकं

१९९२ साली आमच्या गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा मी बारावी होऊन घरीच बसले होते. गाव वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरपासून दीड तासाच्या पायवाटेवर. विहाराच्या ओसरीत सांजेला पंधरा-वीस बाया जमायच्या आणि मी, मेघा, त्यांना अक्षरं शिकवायची. बहुतेकजणी सहीपर्यंत आल्या आणि थांबल्या. जिजाआत्या मात्र थांबली नाही. तेव्हा ती चाळीस-एक्केचाळीसची होती. दिवसभर निंदणाला जायची, आल्यावर हात धुऊन पाटी घ्यायची. सात महिन्यांत ती वर्तमानपत्र वाचायला लागली.

ती आमच्या वस्तीचीच लेक. आईबापाजवळ दुसरं कुणी उरलं नाही म्हणून बाबारावांना घरजावई करून आणलेलं, त्यामुळे आम्हा पोरासोरांची ती आत्याच.

पंचाण्णवला ग्रामपंचायतीच्या खोलीत वाचनालय निघालं. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, आणि ग्रंथपाल मी. जिजाआत्याने पहिल्यांदा एक कौटुंबिक कादंबरी नेली. आठ दिवसांनी परत आणली.

"याच्यात सगळे चांगलेच लोकं हायेत," ती म्हणाली. "मारामारीचं नाई का कोनतं?"

मी तिला एक रहस्यकथा दिली. तीही परत आली. "येकच मुडदा हाये, अन् मारनारा सापडला बी. मले खरं घडलेलं दे. गावच्या गाव येकमेकाच्या अंगावर गेलं, असं."

मग मी तिला फाळणीवरचं एक जाड पुस्तक दिलं. ते तिने दोन महिने वाचलं. काडेपेटीतली काडी ओळीखाली सरकवत, ओठ हलवत. त्यानंतर जर्मनीतल्या छावण्यांवरचं. मग दंगलींच्या कादंबऱ्या, ज्या मी स्वतः अर्ध्यात सोडलेल्या. आफ्रिकेतल्या एका देशात शेजाऱ्यांनी शेजारी कापले, त्या हकिकतीचं पुस्तक आलं तेव्हा ते नोंदवायच्या आधीच तिने हातात घेतलं.

बाबाराव एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "मेघा, हिले दुसरं काई देत जा न. जेवताना बी मेलेल्या लोकायच्या गोष्टी सांगते."

पण मेलेल्यांविषयी ती मला कधीच काही विचारायची नाही. तिचे प्रश्न वेगळे असायचे. पान उघडून बोट ठेवायची. "हा मानूस गाडीत बसला लिवलं हाये. मंग कुठं गेला?"

मी पुढची पानं चाळायची. त्या माणसाचं पुढे काहीच नसायचं.

"लिवनाऱ्यानं पुसलं नाई का कोनाले?" ती म्हणायची आणि पुस्तक मिटायची.

या प्रश्नांमागचं कारण मला माझ्या आजीकडून कळलं. जिजाआत्याला प्रेमदास नावाचा मोठा भाऊ होता, सातवी शिकलेला. धर्मांतरानंतर वस्तीने मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. १९६१ साली गावातल्या शेटजींच्या घरचा बैल मेला. बोलावणं आलं, तेव्हा प्रेमदासने जाऊन तोंडावर नाही सांगितलं. शेटजींच्या थोरल्या मुलाने चाबूक उगारला. प्रेमदासने तो हिसकावला आणि त्याच्याच गालावर ओढला. गाल फाटला. संध्याकाळी माणसं लाठ्या घेऊन वस्तीत शिरली, तीन घरं जाळली. प्रेमदास त्या दिवसापासून दिसला नाही. कुणी म्हणे मारून विहिरीत टाकला, कुणी म्हणे नागपूरला पळाला. विहिरी उपसल्या, काही निघालं नाही. जिजा तेव्हा दहा वर्षांची होती.

हे ऐकल्यावर तिच्या हातातलं पुस्तक मला वेगळं दिसायला लागलं. पण मी तिच्याशी तो विषय काढला नाही. तिनेही नाही.

त्या शेटजींचा धाकटा मुलगा म्हणजे प्रभाकरराव. थोरला भाऊ त्र्याऐंशीत वारला होता आणि दुकान आता प्रभाकररावांचा मुलगा स्वप्निल बघायचा. प्रभाकरराव वाचनालयाचे अध्यक्ष होते. रोज दुपारी चारला यायचे, पेपर वाचायचे, जायचे. जिजाआत्या आली असली की ती टेबलाच्या एका टोकाला, ते दुसऱ्या. पाच वर्षं मी दोघांना तसं बसलेलं पाहिलं. राम राम सोडून बोलणं नाही.

२००० सालच्या उन्हाळ्यात आत्या एक पुस्तक वाचत होती. एका देशात पुष्कळ वर्षांनी आयोग बसला, आणि मारणाऱ्यांनी मेलेल्यांच्या आयांसमोर उभं राहून काय केलं ते सांगितलं, असं त्यात होतं. ते वाचून झालं त्या दिवशी तिने काडी पानात ठेवली आणि मान वर केली.

"शेटजी, येक पुसू?"

प्रभाकररावांनी पेपर खाली घेतला.

"या पुस्तकातले मारनारे बोलतेत. पोटात ठेवून ठेवून, शेवटी बोलतेत. आपल्या गावचे काऊन नाई बोलत?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. प्रभाकररावांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं, आता वाचनालय बंद पडतं.

चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि आत्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले. मी उठून बाहेर जायला लागले तर म्हणाले, "बस तू. कोनीतरी ऐकाले पाह्यजे."

मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी प्रेमदास त्यांच्याच कापसाच्या कोठीत लपला होता. सगळे त्याला वस्तीत शोधत होते, शेटजींच्या घरात कोण पाहणार? प्रभाकर कोठीत गेला तेव्हा त्याला प्रेमदास दिसला. पहाटे कापसाची गाडी वर्ध्याच्या बाजाराला जायची होती. प्रभाकरने त्याला कापसाखाली घातलं, गाडी स्वतः हाकली आणि स्टेशनवर उतरवलं.

"मुंबईकडच्या गाडीत बसला," ते म्हणाले. "मंग दोन कार्ड आले माह्या नावानं. भुसावळचा शिक्का व्हता. यार्डात काम भेटलं, घरी सांगजो, असं लिवलं व्हतं. दुसरं कार्ड दादाच्या हाती लागलं. त्यानं चुलीत घातलं. मी उत्तर देल्लं नाई. मंग कार्ड आले नाई."

आत्याने हातातलं पुस्तक मिटलं. मग तिने विचारलं, "जाताना काई खाल्लं व्हतं त्यानं?"

"भाकर अन् ठेचा. मी नेलता कोठीत."

"अंगात काय व्हतं?"

"माहा सदरा. त्याचा फाटला व्हता."

"माय अठरा वर्षं जगली त्याच्यामांगं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रोज वाटेकडं पाहे. तुमच्या दुकानावरूनच जात जाये."

"पह्यले दादाले भ्यायलो," प्रभाकरराव म्हणाले. "दादा गेल्यावर सांगता आलं असतं. तवा लाज वाटली."

आत्याने पुस्तक माझ्याकडे दिलं आणि ती घरी गेली. नंतर दोन महिने ती वाचनालयात फिरकली नाही.

पुढच्या वर्षी होळीनंतर ती आणि मी भुसावळला गेलो. बाबारावांनी एसटीपर्यंत पोचवलं. भुसावळात रेल्वेच्या जुन्या चाळी, तिथलं विहार, पेन्शनर म्हातारे, सगळीकडे विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे मजूर, असलेल्या एका म्हाताऱ्याला आठवलं.

"वर्धेवाला प्रेमदास ना? होता. हिशेबानं बोलायचा, पण पेपर सगळ्यांना वाचून दाखवायचा. पासष्ट-सहासष्टला बदली मागून इटारसीला गेला. बायको नुकतीच केली होती."

परतीच्या गाडीत आत्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. बडनेरा गेल्यावर म्हणाली, "बायको केली म्हंजे कोनी गरम भाकर देत असंन." थोड्या वेळाने म्हणाली, "मेघा, मेला समजत व्हतो तवा बरं व्हतं का गं? आता तर रोज जेवाले बसलं का तो बी कुठंतरी बसला असंन असं वाटते."



इटारसीला आम्ही गेलो नाही. बाबारावांना अर्धांगाचा झटका आला, मग आत्याला घर सोडणं जमलं नाही. पण तिने कार्डं लिहायला सुरुवात केली. इटारसीच्या रेल्वे कॉलनीच्या पत्त्यावर, स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत. तो गेल्यानंतर घडलेल्या गोष्टी त्यात असायच्या: माय कधी गेली, विहिरीवर हातपंप बसला, मी वाचाले शिकली. लिहून झालं की ऱ्हस्वदीर्घ तपासायला माझ्याकडे आणायची. प्रेमदास सातवी शिकलेला, त्याला चुका दिसतील म्हणून.

२००४ मध्ये प्रभाकरराव वारले. आत्या अंत्ययात्रेला गेली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र गेली, आणि त्यांच्या बायकोजवळ, शोभाबाईंजवळ, तासभर बसून आली. काय बोलल्या ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही.

त्याच पावसाळ्यात एक कार्ड परत आलं. त्यावर हिंदीत शिक्का होता, पत्ता मिळत नाही असा. मला ते तिच्या हाती द्यायचा धीर होत नव्हता. शेवटी दिलं. तिने शिक्का नीट वाचला, पुन्हा वाचला.

"सापडत नाई म्हनते," ती म्हणाली. "मेला म्हनत नाई."

मग तिने विचारलं की इटारसीहून माणसाची बदली साधारण कुठे कुठे होत असेल, आणि मी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून टेबलावर पसरला.