ढोलवाला काळुराम लपायला शिकतो

कोपरच्या काळुराम भोईरला हळू बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं. मिसरूड फुटलं तेव्हा त्याने गळ्यात ढोल अडकवला, तो पन्नाशी उलटली तरी उतरवला नव्हता. गावच्या बेंजो पार्टीत पहिल्या रांगेत उभं राहून त्याने अर्ध्या डोंबिवलीच्या हळदी वाजवल्या होत्या. वडिलांच्या भातशेतीच्या जागी आता चार मजली इमारत उभी होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर तो, बायको आवडा आणि मुलगी कल्पिता राहायचे. तिथून त्याने कोथिंबीरवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला मासेवालाही थांबायचा.

कल्पिता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला होती. तिथल्याच तिघांना घेऊन ती दर रविवारी दुपारी गच्चीवरच्या खोलीत एक खेळ मांडायची. सर्वेश नावाचा मुलगा पुठ्ठ्याच्या बुटक्या पडद्याआड बसून गोष्ट सांगायचा. किल्ला, जंगल, राक्षस, काय वाट्टेल ते. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. मयूर चिलखत घातलेला योद्धा, कल्पिता जादूगारीण, प्रीती चोर. आपण काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं.

"शिकलेली पोरं बसून भुतांच्या गोष्टी करतात," असं काळुराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पण चहा द्यायच्या निमित्ताने वर गेला की तास तास खाली यायचा नाही.

एका रविवारी प्रीतीला ताप आला. चोराशिवाय गोष्ट पुढे सरकेना.

"बाबा, तू बसतोस का आजच्या दिवस?" कल्पिताने विचारलं.

काळुराम बसला. खुर्चीतच मांडी घालून, बाह्या सरसावून.

"मोठं दालन आहे," सर्वेशने सुरुवात केली. "दाराशी पहारेकरी उभा आहे. कमरेला किल्ल्या. काका, तुम्ही काय करता?"

"लपलो!" काळुराम गरजला.

"कुठे?"

"हितंच."

"अहो, तो तुमच्याकडे बघतोय."

"बघू दे. फासा दे मना."

फासा घरंगळत गेला आणि वीसवर थांबला. काळुरामने टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप नाचले.

"काका, आकडा भारी आहे, पण उपयोग नाही," सर्वेश म्हणाला. "लपायला आधी आडोसा लागतो. तो डोळे लावून बघत असताना समोरच्या समोर कुणी नाहीसं होत नाही. चोर आहात तुम्ही, भूत नाही."

"म्हंजे माजे वीस गेले फुकट?"

"गेले."

"हा कसला कायदा रं!"

त्यावर चांगलीच जुंपली. मयूर काकांच्या बाजूने भांडला, कारण त्याला कुणाच्याही बाजूने भांडायला आवडायचं. शेवटी कल्पिताने विचारलं, "बाबा, लपाछपी खेळताना ज्याच्यावर राज्य असेल त्याच्या नाकासमोर उभा राहायचास का?"

काळुरामने डोकं खाजवलं. "खांब हाय का तिथं?"

"आहेत की."

"मग कल्पे, तू पलीकडं कायतरी वाजव. तो मान वळवतो, तवर मी खांबाच्या मागं."

कल्पिताच्या जादूगारिणीने लांबच्या कोपऱ्यात घंटेचा आवाज काढला. पहारेकऱ्याने मान वळवली. काळुरामने फासा टाकला. अकरा. त्यात चोराच्या अंगची चपळाई मिळवायची, ती सात.

"अठरा," सर्वेश म्हणाला. "पहारेकऱ्याची सावधगिरी बारा. तो काही शोधत नाहीये, नुसता उभा आहे, म्हणून त्याचा फासा टाकायचा नाही, ठरलेला आकडा धरायचा. तुमची बेरीज तेवढी किंवा जास्त झाली की त्याला तुमचा पत्ता लागत नाही. पण आवाज केलात, उजेडात आलात किंवा कुणाला मारायला गेलात, की लपणं संपलं."

काळुराम खुर्चीतल्या खुर्चीत आकसून बसला. सहा फुटी माणूस, पण खांद्यात मान घालून तो खरंच खांबामागे उभा असल्यासारखा दिसायला लागला. त्या दुपारी त्याने किल्ल्या मारल्या आणि पहारेकऱ्याला कळलंही नाही. आजवर जिथे जाईल तिथे माणसं त्याच्याकडे वळून बघायची. कुणीच बघत नसण्यात एवढी मजा असते हे त्याला माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रीती बरी होऊन आली तेव्हा काका आधीच तिच्या खुर्चीत बसले होते. तिने हसून चोर त्यांना देऊन टाकला आणि स्वतः तिरंदाज झाली.

काळुराम आता घरातही सराव करू लागला. आवडा टीव्हीकडे तोंड करून बसली की तो मागून स्वयंपाकघरात शिरायचा, तळलेल्या बोंबलांच्या ताटाकडे हात न्यायचा, आणि बाहेरून हाक यायची, "ठेव ते खाली!" पायाला लागून डबा गडगडलेला असायचा, पण ते त्याच्या लक्षातच यायचं नाही.

"हिची सावधगिरी तीस हाय," अशी तक्रार तो सर्वेशकडे करायचा.

मग गोष्ट अजगराएवढ्या लांब शेपटीच्या, आग ओकणाऱ्या राक्षसाच्या गुहेपाशी आली. राक्षस सोन्याच्या ढिगावर झोपला होता. सर्वेशला रंग भरायची हौस होती. त्याने खिडक्या लावल्या आणि आवाज अगदी खाली आणला.

"काका, तुम्ही सगळ्यात पुढे आहात. तुमच्या उजव्या हाताला काहीतरी हललं. काय करता?"

काळुराम हसला आणि मान डोलावली.

"काका? काय करता?"

काळुरामने पुन्हा मान डोलावली.

"काका एकदम भूमिकेत शिरलेत," प्रीती कौतुकाने कुजबुजली.

कल्पिता मात्र बापाच्या डोळ्यांकडे बघत होती. ते सर्वेशच्या ओठांवर खिळले होते. ती उठली, बापाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, चहा टाकू?"

उत्तर आलं नाही. काळुराम चहाला कधी नाही म्हणत नसे, आणि विचारल्यावर गप्प तर कधीच बसत नसे.

तिने चारचौघांत काही म्हटलं नाही. "आज इथेच थांबू या," एवढं म्हणाली. मंडळी गेल्यावर ती बापाला घेऊन गच्चीच्या कठड्यापाशी आली आणि त्याच्या समोर, चेहरा दिसेल अशी उभी राहिली.

"कधीपासून ऐकायला येत नाही?"

काळुरामने आधी उडवून लावायचा प्रयत्न केला. मग तो खाली बघत म्हणाला, "शिटी वाजते कानात. दोन वरसं झाली. मोठ्यानं बोलला तर येतं ऐकू. बारीक बोलला की सगळा पुसट."

"बोलला का नाहीस?"

"बोलून काय? गोविंदाला कलला तर मना मागच्या रांगेत ढकलील. नायतर घरी बसवील." गोविंदा म्हणजे पार्टीचा म्होरक्या. "लोक हसले की मी पण हसतो. टीव्ही मोठा केला, बोललो टीव्ही बिघडला हाय. चालला होता ना बरा."

कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं आपला बाप रोज ताटाला ताट लावून जेवत होता आणि आपल्याला दिसलं नाही, हे तिला फार लागलं. काळुराम घाबरला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, रडतेस कशाला? चल, दाखवू डाक्टरला. पण तुजे आयला सांगू नको."

पण सांगावं लागलं. आवडा भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"मना ठाऊक हाय."

"कवापासून?" काळुराम चाट पडला.

"वरीस झाला मी ओरडून बोलते तुज्याशी. तुना काय वाटला?"

"मना वाटला तू रागावलेस!"

आवडाने हातातली मेथीची जुडी खाली टाकली आणि हसत सुटली. वर्षभर हा माणूस न मागता गजरे का आणत होता, ते तिला आत्ता कळलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. ढोलाच्या आणि स्पीकरच्या दणक्याने कान गेले होते. गेलेलं परत यायचं नव्हतं, पण यंत्राने बरंच भागणार होतं. वाजवताना मात्र कानात बोळे घालायचेच, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली.

काळुराम यंत्र लावून गोविंदासमोर जाऊन उभा राहिला. वाजवायची सुपारी गेली तर गेली, असं ठरवूनच.

गोविंदाने यंत्र निरखून पाहिलं. "कुठं मिलतं रं हा?" त्याने विचारलं. "माजा डावा कान कवाच गेलाय." मागे बसलेल्या बेंजोवाल्यानेही मान पुढे काढली. महिन्याभरात निम्मी पार्टी त्याच डॉक्टरकडे जाऊन आली आणि हळदीत पहिली रांग कानात बोळे घालून उभी राहू लागली. काळुराम आपल्या जागेवरच राहिला.

गच्चीवरचा खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा मयूरने वेफर्सचं पाकीट फोडलं आणि काळुराम दचकून उठला. "कवरा आवाज करतोस!" तो म्हणाला. पण असं हळू म्हणाला की कुणाला कळलंच नाही.

"काका, जरा मोठ्याने," सर्वेश म्हणाला, आणि सगळे हसले. काळुराम सगळ्यांत जास्त.

राक्षस अजून झोपलेलाच होता. चौघांनी एकदम पुढे सरकायचं होतं. असं सगळे मिळून लपतात तेव्हा प्रत्येकाने फासा टाकायचा. निम्म्यांचं जमलं तरी सगळे पार, कारण हुशार माणूस बाकीच्यांना सांभाळून नेतो. मयूरला दोन पडले. त्याचं चिलखत खणखणलं. प्रीतीचंही फसलं. कल्पिताला सोळा मिळाले, तिचं जमलं.

आता सगळं काळुरामवर होतं. त्याने फासा मुठीत धरला, कानाशी नेला आणि हलवला. आतून खुळखुळ आली तशी त्याने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा एकदा हलवला.

"काका, टाका ना!" मयूर कळवळला.

"थांब रं," काळुराम म्हणाला. "जरा ऐकू दे."

मग त्याने फासा टाकला. चौदा. अधिक सात. राक्षसाने झोपेत शेपूट आवळली, आणि काळुरामने ओठांवर बोट ठेवून मयूरच्या लोखंडी योद्ध्याला हाताला धरून सोन्याच्या ढिगामागून पार नेलं.