बावीस हात नव्हे, एकतीस

आक्काताई रोज सकाळी पाणी गाळायच्या. जाड कापड दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर धरायचं, पाणी ओतायचं, मग ते कापड एका छोट्या कळशीत खळबळून घ्यायचं. त्या पाण्याला जीवाणी म्हणतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते ज्या विहिरीतून आले, तिथंच परत पोचवायचे. वरून ओतायचे नाहीत. कळशी दोरानं खाली सोडून पाण्याला अलगद टेकवायची आणि मगच उलटी करायची. आष्ट्याजवळच्या त्या गावात जैनांची सात घरं. नळ आल्यापासून बाकीच्यांनी हे सोडलं. नळाला आठवड्यातून दोनदा, तेही त्याच गावविहिरीचं पाणी येई. आक्काताई मात्र रोज सकाळी विहिरीवर जात.

दोर किती सोडायचा हे आधी माहीत असावं लागतं. आक्काताईंना कधी बरं नसलं, की सून चंदना जायची. तिला अंदाज यावा म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेखाली रोज आकडा लिहिलेला असे. चोवीस. चोवीस. पंचवीस. हे दोराचे हात. वर्ष संपलं की दिनदर्शिका मांडणीवर डब्यांखाली अंथरली जाई.

एका दुपारी सरपंच नानासो चपला न काढताच सोप्यावर आले. आक्काताईंचे यजमान धनपाल नुकतेच शेतातून आले होते.

"धनपालअण्णा, घात झाला. नव्या आराखड्यात आपलं गाव बाद."

आराखडा पुढच्या पंचवीस वर्षांचा होता. नदीचं आणि कालव्याचं पाणी उसाला किती, वाढत्या सांगलीला किती आणि गावांना प्यायला किती, हे त्यात ठरणार होतं. ज्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यातही पुरेसं पाणी आहे, त्याला प्यायच्या पाण्याचा वेगळा वाटा नाही. या गावच्या विहिरीचं पाणी एप्रिलात बावीस हातांवर लागल्याची नोंद होती.

"बावीस?" आक्काताई आतून म्हणाल्या. "एप्रिलात एकतीस असतंय. मोजलं कवा?"

नानासोंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "यात्रेत."

"यात्रेत कुणी बोलावलं त्यास्नी?"

"मीच. म्हटलं, सायबांनी आपल्या गावचं जेवण बघावं."

यात्रेचे तीन दिवस गावात पाण्याची एकही मोटार चालू होत नाही. देवाचे दिवस, बैल बसून, माणसं बसून, मोटारी बंद. तेवढ्यात विहीर नऊ हात चढते. साहेबांनी रस्सा ओरपला, विहीर मोजली आणि गाव 'पुरेसं' ठरवून गेले.

आक्काताईंनी चंदनाला हाक मारली. दोघींनी मांडणी रिकामी केली. चंदना घरात आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांपैकी सोळा वर्षांच्या दिनदर्शिका निघाल्या. एका मे महिन्यावर लोणच्याच्या बरणीचं वर्तुळ होतं, दुसऱ्याला तेल लागलं होतं. आकडे मात्र शाबूत होते. नानासो हरखले. धनपाल एकेक पान उलटू लागले.

"अगं, यात तर ऊस वाढला तसं पाणी खाली गेल्यालं दिसतंय. माझ्याच मोटारीची चाडी व्हय ही?"

"व्हय वैनी," नानासोही म्हणाले. "तेवढी पानं वगळू या."

"कागद एकच हाय. निम्मा कसा दावू?"

सांगलीत हरकती ऐकायच्या बैठकीला आक्काताई चंदनाला घेऊन गेल्या; नानासो, धनपाल आणि गावची काही माणसंही होती. पिशवीतून तेलकट गठ्ठा निघाला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. "आत्ती, पापड बी आणल्यात का?"

"आणलं असतं. पण तुमी पाणी मागाल, आणि त्येचाच वाटा ठरायचा हाय अजून."

आता सगळेच हसले. आराखड्याच्या अभियंता राजनंदिनी मॅडम मात्र वाचत राहिल्या. त्यांनी कालव्याला पाणी सोडल्याच्या, म्हणजे आवर्तनाच्या, तारखा मागवल्या. कालवा आला की चार दिवसांनी विहीर दोन-तीन हात वर. सोळाही वर्षं तेच. पावसाच्या नोंदीही जुळल्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"काकू, दरवर्षी एप्रिलमध्ये तीनच दिवस पाणी एकदम चढतं. का?"

"सांगा की नानासो."

नानासो उठले. भर सभेत त्यांनी यात्रेचं जेवण, बंद मोटारी, सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मोजणी चुकली, हे त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं.

"पण उरलेले दिवस हे पाणी उसात जातंय. शहराचा वाटा कमी करून तुम्हाला द्यायचा, तर विहिरीभोवतीचा ऊस ठिबकवर आणावा लागेल. कोण आणणार?"

गावची माणसं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी धनपाल उठले. "माझं अडीच एकर लिवा. मला घरात ऱ्हायाचं हाय."

हशा थांबेपर्यंत नानासोंनीही हात वर केला होता. मग आणखी सहा हात वर आले.

मेच्या एका साध्या मंगळवारी, मोटारी चालू असताना, विहीर पुन्हा मोजली गेली. चौतीस हात. आक्काताईंच्या दिनदर्शिकेत त्या सकाळच्या तारखेखालीही चौतीसच होतं. अशीच यात्रेत मोजलेली आणखी अकरा गावं निघाली. त्यांच्याही विहिरी पुन्हा मोजायचा हुकूम झाला.

पावसाळा सरता सरता अंतिम आराखडा आला. ग्रामसभेत नानासोंनी तो मोठ्यानं वाचला. गावाला, माणशी आणि जनावरामागं, दोन हजार पन्नास सालापर्यंत प्यायच्या पाण्याचा राखीव वाटा. टाळ्या वाजल्या. धनपालांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि आजूबाजूला बघून घेतलं.

"आक्का, पन्नास सालाचं तुमाला काय करायचंय आता?" मागं बसलेल्या तरण्या बिराप्पानं डिवचलं.

आक्काताईंनी बोटांवर हिशेब केला. "तवा मी शहाऐंशीची असंन. तहान लागंलच की रं."