घाण नदीला वाटली पाहिजे

मान्गुबानेच्या नाकाची आमच्या खोऱ्यात दहशत होती. ती अंगणात आली की बायका भांड्यांवर झाकणं टाकत आणि पुरुष बगला मिटून बसत. कुणाचं दूध नासलंय, कुणाच्या शेळीला खरूज झालीये, रविवारी चर्चला कोण आंघोळ न करता आलंय, सगळं तिला चार हातांवरनं कळे. आणि कळल्यावर गप्प बसेल तर ती मान्गुबाने कसली. वरचा ओठ एका बाजूला ओढायची आणि दातांतनं 'त्सक्' करायची. तेवढ्यानं माणूस जागच्या जागी नागडा व्हायचा.

नवरा सोन्याच्या खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही, त्याला वीस वर्षं झाली. पोरी लग्न करून डर्बनकडं. ती शाळेत झाडलोट करी आणि पोरांचं दुपारचं रांधी. मक्याचं मोकळं फुथू आणि वर घेवड्याची आमटी. त्यासाठी रोज सकाळी खालच्या डोहावरनं सहा बादल्या पाणी डोक्यावर आणायचं. शाळेत नळ होता. त्याला पाणी आलेलं मी कधी पाहिलं नाही, पाहिलेला माणूसही मला भेटला नाही.

पावसानं पाठ फिरवल्याचं ते तिसरं वर्ष. नदी म्हणजे नुसती वाळू, आणि खडकाखाली तो एक डोह. वरच्या कपारीतनं झिरपणारा झरा त्याला जिवंत ठेवत होता. साऱ्या गावाचं, गुरांचं आणि शाळेचं पाणी तेच.

आमच्याकडच्या उघड्या माळावर तेव्हा तीन इन्सिंगिझी पक्षी होते. मोठ्या कोंबड्याच्या तिप्पट, कोळशासारखे काळे, गळ्याला लालभडक पिशवी, आणि डोळ्यांना बाईला लाजवतील अशा पापण्या. पंख असून दिवसभर चालतात. वणवा गेलेल्या रानातनं ओळीनं डुलत जायचं आणि साप, कासव, टोळ, जे सापडेल ते चोचीनं ठेचून गिळायचं. नर, मादी आणि गेल्या खेपेचं एक पिल्लू. उजाडायच्या आधी ढोलात घुमावं तसे घुमतात, दोन टेकड्या ओलांडून ऐकू येतं. आधी मादी म्हणते, 'मी जाते, मी जाते, मी माझ्या माहेरी जाते.' मग नर खालच्या आवाजात म्हणतो, 'जा, जा, कधीची म्हणतेस.' आमच्यातलं शेंबडं पोरही हे भांडण म्हणून दाखवील. रोज भांडतात आणि रोज एकाच झाडावर झोपतात.

त्यातला नर शाळेच्या मागं लागला. नव्या वर्गखोल्यांना मोठ्या काचा बसवल्या होत्या. काचेत त्याला दुसरा नर दिसे, तसाच लाल गळ्याचा, तसाच छाती काढून उभा. मग हा त्याला चोच मारी. काच फुटली की दुसरा नर पळाला असं समजून पुढच्या खिडकीकडं जाई, तर तिथंही तो हजर. एका आठवड्यात अकरा काचा. मान्गुबानेनं खिडक्यांना चिखल फासायचं ठरवलं, पण चिखलाला पाणी लागतं, आणि पाणी पोरांच्या आमटीला पुरत नव्हतं.

शेवटी एका सोमवारी शाळेचा राखणदार बोंगुमुसा गाठीची काठी घेऊन खिडकीआड दबून बसला आणि त्यानं पक्ष्याच्या मानेवर एकच घाव घातला. मान्गुबाने काचा गोळा करत आली, तर हा पायाशी पक्षी टाकून उभा, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा.

"बघ मा, संपवला."

"काय संपवलंस रं? त्यानं काचा फोडल्या, तू डोकं फोडलंस. उचल आता. माश्या यायच्या."

पण माश्यांच्या आधी बातमी गेली. दुपारपर्यंत गाव शाळेच्या आवारात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. आभाळानंच पाठवला.

आमच्यात जुनं आहे हे. इन्सिंगिझी मेला की त्याच्या पायाला धोंडा बांधून त्याला नदीत बुडवायचं. त्याची घाण अशी की नदीला मळमळतं. मग आभाळाला तिची दया येते आणि ते तिचं तोंड धुवायला पाऊस पाठवतं. गुरं मेलेल्या त्या मोठ्या दुष्काळात म्हाताऱ्या सोखेलानं आपल्या हातानं टाकला होता. पाऊस आला, तो नऊ आठवड्यांनी. ते नऊ आठवडे गाव तेच पाणी प्यालं. मान्गुबाने तेव्हा नवी सून होती. मटक्यातनं वाटीत पाणी घेताना एकदा काळं पीस आलं आणि पिसाच्या दांडीला मांस होतं. सासूनं ते बोटानं बाजूला केलं आणि म्हणाली, पी. ती प्याली. तिचं नाक त्या दिवसापासून असं झालं असं ती स्वतःच सांगे.

दुसऱ्या दिवशी इंडुना माजोझी, म्हणजे आमचा गावकारभारी, त्याच्या गुरांच्या वाड्यात पुरुष जमले. पक्षी पोत्यात घालून बाभळीला टांगला होता. बाईमाणसानं गुरांच्या वाड्यात पाय ठेवायचा नाही अशी आमची रीत, म्हणून मान्गुबाने कुंपणाबाहेर उभी राहिली. सोबत शाळेची एकचाकी गाडी, वर गोणपाट.

सोखेला आत रीत समजावत होता. नव्वदीला टेकलेला, दोन्ही नाकपुड्यांत तपकीर ठासलेली.

"टाकनाऱ्यानं नाक धरायचं न्हाई. थुकायचं न्हाई. तोंड वाकडं करायचं न्हाई. घान नदीला वाटली पायजे, मानसाला न्हाई. मानसाला वाटली तर ती मानसातच ऱ्हाती, नदीपातूर पोचत न्हाई."

"मग आजच टाकू की," माजोझी म्हणाला.

"कशात टाकता?" कुंपणाबाहेरनं आवाज आला.

"डोहात, मा. आनि कशात."

"आनि पोरं काय पितील?"

"पाऊस पितील."

"नऊ आठवडे?"

आत कुणीतरी हसलं. माजोझी म्हणाला, "मा, तुला पाऊस नको हाय का?"

तिला पाऊस नको होता असं अजिबात नाही. तिच्या स्वतःच्या मक्याच्या दोन वाफ्यांची राख झाली होती. पण तिला ते पाणी पुन्हा प्यायचं नव्हतं. तिनं गाडीवरचं गोणपाट काढलं आणि गाडी वाड्याच्या दारात पालथी केली. डोहाच्या काठचे डायपर. उशीएवढे फुगलेले, पिवळे, काही फाटून आतलं बाहेर आलेलं. पुरुष कुंपणाला चिकटेपर्यंत मागं सरले.

"ही एका सकाळची भर हाय," ती म्हणाली. "तुमच्या नातवंडांची. नदीत टाकलं की वाहून जातं म्हनत हुता न्हवं? नदीच वाहत न्हाई, तर ह्ये कुठं जाईल? तीन वर्सं हे खाऊन बसलीया ती. घानीनं पाऊस पडत असता तर तुमची घरं वाहून गेली असती एव्हाना. तिचं नाक मेलंय. तुमी आता तिच्यात मेलेला पक्षी टाका, न्हाईतर मेलेला हत्ती. तिला काय कळनार?"

माश्या पोतं सोडून गाडीकडं आल्या.

माजोझीनं सोखेलाकडं पाहिलं. "मखुलू आजा, तुमी टाकला तवा नदी कशी हुती?"

म्हाताऱ्यानं विचार केला. खोटं बोलणारा नव्हता तो. "नितळ हुती. तळाचा खडा दिसायचा."

"मग नितळ करा," मान्गुबाने म्हणाली. "तिला घान वाटावी असं वाटत आसंल तर आधी तिला स्वच्छ करा. मग टाका."

तिला दिवस हवे होते, हे तिनं मला नंतर सांगितलं. पुढचं काही ठरवलं नव्हतं. पण रीतीतनंच काढलेलं बोलणं पुरुषांना मोडता येईना. ठरलं की आधी डोह साफ करायचा. आणि टाकायचं काम पुरुषांचं, म्हणून साफ करायचंही पुरुषांनीच. हे शेवटचं कुणी सुचवलं ते कुणाच्या लक्षात नाही, पण आवाज कुंपणाबाहेरनं आला होता.

चार दिवस लागले. आमच्या खोऱ्यातल्या ज्या पुरुषानं जन्मात स्वतःच्या पोराचं ढुंगण धुतलं नाही, तो कमरेपर्यंत चिखलात उभा राहून दुसऱ्यांच्या पोरांची घाण फावड्यानं काढत होता. डायपर उचलला की पोटातनं जेलीसारखं गळे आणि हाताच्या कोपरापर्यंत ओघळे. त्यांच्याखाली बॅटऱ्या, सार्डिनचे डबे, गोचिडांच्या औषधाचे रिकामे डबे, अर्धी शेळी, एक खोटी दातकवळी. ती कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी नाव घेतलं नाही. पहिल्या दिवशी तिघं ओकले. मान्गुबाने काठावर बादल्या पालथ्या घालून बसलेली.

"त्याच्याखाली बी हाय. हात घाल. मेंढीच्या पोटात घालतोस तसा घाल."

"मा, तू जा की शाळेत."

"शाळेत पानी कुठंय रांधायला?"

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात केली तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. समोरच्या टेकडीवरनं मादी बोलली. मी जाते, मी जाते, मी माझ्या माहेरी जाते. पुरुषांची फावडी थांबली. सवयीनं सगळे पुढच्या ओळीची वाट बघत होते. ती आली नाही. मादीनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तेवढंच. बोंगुमुसा खाली चिखलाकडं बघत राहिला.

"जाईल ती," मान्गुबाने म्हणाली. "ऱ्हाऊन काय करंल, तुमची तोंडं बघंल? चला, फावडी हलवा."

तिसऱ्या दिवशी कपारीच्या तोंडाशी अडकलेला बोळा निघाला. सगळा डायपरांचाच, दाबून दगड झालेला. तो काढल्याबरोबर अंगठ्याएवढी धार सुटली. इतके दिवस झरा आटला म्हणून रडत होतो, तो आटला नव्हता. त्याचा आम्ही गळा दाबला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी डोह गुडघाभर वर आला होता आणि तळ दिसायला लागला होता.

पण बाभळीवरचं पोतं तिथंच होतं. चार दिवस उन्हात. माजोझीच्या घरात जेवण बंद झालं होतं. त्याची बायको माखोझा, सोखेलाचा चहाही हीच करी, भांडी घेऊन बहिणीकडं निघून गेली होती. पोतं हलत होतं, आणि वारा तर नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी गाव काठावर जमलं. माखोझा घागर भरायला आधीच पाण्यात उतरलेली. पोतं काठीला अडकवून दोघांनी आणलं, तोंड दुसरीकडं करून.

"कोन टाकतंय?" माजोझीनं विचारलं.

रीत सगळ्यांना माहीत होती. एकेक जण पुढं येई, दहा हातांवर थांबे, डोळ्यांतनं पाणी येई आणि मागं जाई. माजोझी स्वतः पाच हातांपर्यंत गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. लोकांनी पाहिलं. तो परत आला.

"सरका," सोखेला म्हणाला. "मला काय बी येत न्हाई वास."

हे खरं होतं. सत्तर वर्षं तपकीर ओढलेलं नाक ते. म्हाताऱ्यानं पोत्याची गाठ सोडली, आत हात घातला आणि धोंडा बांधायला पाय शोधला. पाय त्याच्या हातात एकटाच आला. मनगटावर पांढऱ्या अळ्या चढल्या. त्यानं त्या सावकाश झटकल्या आणि दुसरा पाय शोधला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बायकांच्या घोळक्यातनं कुणीतरी हुंदका दिला, तो ओकारीचा होता.

मान्गुबानेनं मघाच बघितलं होतं की हा टाकणार. ती पाण्यात उतरली, एक मग भरला आणि त्याच्यासमोरच्या खडकावर ठेवला.

"मखुलू, टाका तुमी. तुमची छाती मोठी हाय. मी काय अडवत न्हाई."

"मग हो बाजूला."

"होते. एकच सांगते. हा मग बघा, किती छान हाय. उद्यापासनं ह्यात ते असंल. तुमचा सकाळचा चहा ह्याचाच. दोन चमचे साखर घालता न्हवं? ते वर तरंगंल, तेल तरंगतं तसं. तुमी फुकून बाजूला साराल आन् प्याल. माखोझा, यांना चहा कडक लागतो का गं?"

"कडक. आन् दूध जास्त," पाण्यातनं माखोझा म्हणाली.

"दूध जास्त. मग दिसनार न्हाई ते. तोंडातच येईल."

म्हाताऱ्यानं मगाकडं पाहिलं. मग हातातल्या पायाकडं. नाक मेलं होतं, पण चहा तो जिवापाड प्यायचा, दिवसाला सात कप. त्यानं तोंड घट्ट मिटलं, दोनदा गिळलं, आणि मग तो वाळूत थुंकला.

सगळ्यांच्या माना वाळूतल्या ओल्या ठिपक्याकडं वळल्या.

"थुकला," माजोझी म्हणाला.

"थुकलो न्हाई. तपकीर हुती."

"तपकीर तुमी तोंडात कवापासनं घालता?"

म्हाताऱ्यानं पाय परत पोत्यात टाकला आणि वाळूनं हात घासत राहिला, कातडं लाल होईपर्यंत. रीत मोडली होती. दुसरा टाकणारा गावात नव्हता आणि उन्हं वाढत होती.

"मग ह्याचं काय करायचं?" एकानं विचारलं.

"मानूस मेल्यावर काय करता?" मान्गुबाने म्हणाली. "पुरा. पान्यापासनं लांब, त्या वरच्या बांधाला. ज्यानं मारला त्यानं खनायचं."

बोंगुमुसानं कुदळ घेतली. तीन वर्षं न भिजलेली जमीन, कुदळ आपटली की ठिणगी उडे. बाकीचे पुरुष घरी गेले. बायकांनी रांग लावली आणि घागरी भरल्या. मान्गुबाने सहा बादल्या शाळेत पोचवून परत आली, तेव्हा तो मांडीपर्यंत खड्ड्यात होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"अजून हातभर खन. कुत्री उकरतील."

त्यानं हातभर आणखी खणलं. पोतं आत ढकललं, माती लोटली, वर दगड रचले. मग तिनं मग भरून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला, उन्हाकडं धरला आणि आत डोकावून बघितलं, बराच वेळ.

"बघतोस काय," ती म्हणाली. "पी."