शितोळे सरांचे जावई

शितोळे सरांसमोर कुणी ‘चिल्ड्रन्स’ म्हणालं, की सर दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरायचे आणि ओरडायचे, “अरे गाढवा, जावयाला शेपूट लावलंस!” समोर सातवीतलं पोर असो की केंद्रप्रमुख, सरांच्या लेखी सगळे गाढवच. वरवंडच्या एका लग्नात माइकवरच्या माणसाने ‘लेडीज, जेंट्स आणि चिल्ड्रन्स’ना जेवायला बोलावलं, तर सर भर मांडवात स्टेजवर चढले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, मानपानावरून पेटलं. माइक सुटेपर्यंत मठ्ठा गरम झाला.

वरवंडच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे, मी विज्ञान. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे माझ्या पोरांना प्रकाशसंश्लेषण कमी आणि सरांचे जावई जास्त पाठ. सरांचं म्हणणं असं, “इंग्रजीत शब्द दोन तऱ्हेचे. एक घरचे. बुक, टेबल, पेन. गरीब बिचारे, एस लावला की मुकाट अनेक होतात. दुसरे जावई. त्यांना नियम सांगायचा न्हाई. टूथला टीथ व्हायचंय? होऊ द्या. ऑक्सला एस नको, ईएन पायजे? द्या. जावयाला ‘का’ इचारत न्हाईत, पाट मांडतात.”

प्रत्येक जावयाची कुंडली तयार. माइस नखरेल. क्रायटेरिया लांबचा, ग्रीसचा. एकटा आला तर क्रायटेरियन म्हणायचं, नाहीतर रुसून निघाला. आणि शीप? “घरजावई! एक असो का शंभर, हाय तसाच पडून. बदल म्हणून न्हाई.” फळ्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर सर एकेक फेटा काढायचे. चित्रकलेच्या नावाने बोंब होती, फेटा कांद्याच्या गोणीसारखा दिसायचा. पण पोरं चुकत नसत. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणारी पोरंही संध्याकाळी सरांच्या ओट्यावर येऊन बसायची.

आता एवढा जावयांचा मान राखणारा माणूस, आणि स्वतःच्या जावयाचं तोंड बघायला तयार नाही. त्यांची एकुलती एक सोनाली रांजणगावला एका कारखान्यात इंजिनिअर. तिथेच काम करणाऱ्या मनीषशी तिने लग्न केलं. तो बिहारचा, छपऱ्याकडचा. विचारलं असतं तर सर नाही म्हणाले असते, म्हणून तिने विचारलंच नाही. शिरूरला दोघांनी संसार मांडला. मालनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, गोठ्यामागे जाऊन चोरून लेकीशी फोनवर बोलायच्या. मी एकदा विषय काढला, तर सर म्हणाले, “मॅडम, आमच्यात ते नियमात बसत न्हाई.” मला असा संताप आला! पण वयाने मोठा माणूस, काय बोलणार? तोंड मिटून खडू उचलला.

मग अधिक महिना आला. गावभर जावई धोंड्याच्या जेवणाला यायला लागले. घरोघर पुरण शिजतंय, तुपाचे डबे उघडतायत, आणि मालनवहिनींच्या घरी पाट मांडायला माणूस नाही.

एका दुपारी भिंतीपलीकडे सरांचा तास रंगात आला होता आणि एकदम चिडीचूप झालं. मी डोकावले. वहिनी पदर खोचून वर्गात उभ्या. हातात स्टीलचा डबा. त्यांनी पहिल्या बाकावर ताट मांडलं, पुरण भरलेले धोंडे वाढले, वर तुपाची धार सोडली आणि फळ्याकडे बघून म्हणाल्या, “बसा जावईबापू. मेन बसा, विमेन बसा, ऑक्सन बसा. लाजू नका.”

“मालन, काय चाललंय?” सर पुटपुटले.

“जावयांस्नी वाढतीय. ह्यातला एक तरी नियमात बसतोय का वो?”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

“न्हाई ना? तरी समद्यांस्नी फेटं. मंग माझ्या लेकीच्या नवऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?”

एवढं बोलून वहिनी रिकामा डबा घेऊन निघून गेल्या. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. धोंडे सातवीने चाटूनपुसून संपवले.

रविवारी सकाळी सर इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात. “मॅडम, शिरूरला काय काम हाय का?”

मला शिरूरला काडीचं काम नव्हतं. “आहे की,” म्हटलं आणि स्कूटर काढली.

चौफुल्यापर्यंत सर बोलत होते. भीमेच्या पुलावर मागून आवाज आला, “परत फिरू या का?”

“माझ्या गाडीला रिव्हर्स नाही, सर.”

दार मनीषनेच उघडलं. हाफ पँट, कोपरापर्यंत कणीक. सोनाली नाइट शिफ्ट करून झोपली होती, हा स्वयंपाकाला लागला होता. सरांना बघून पोरगा पांढराफटक पडला. काय करावं सुचेना, तसाच वाकला आणि कणकेच्या हातांनी सरांचे पाय धरले. सरांच्या काळ्या बुटांवर पांढरी बोटं उमटली.

सरांना हिंदी धड बोलता येत नव्हती आणि मराठीत काय बोलावं ते आठवत नव्हतं. इतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी तोंडातून निघालं ते आयुष्यभराचं, “वन फूट, टू?”

“फीट, सर.” मान खालीच.

“ऑक्स?”

“ऑक्सन.”

“क्रायटेरियन?”

“क्रायटेरिया, सर. शीप का शीप, डिअर का डिअर. चिल्ड्रन में एस नहीं लगाना है.”

सर बघतच राहिले. “हे कुनी शिकवलं?”

तेवढं मराठी त्याला कळलं. “सोनालीने, सर. शादी के बाद रोज पूछती थी. बोलती थी, बाबा एक दिन जरूर आएंगे, और पहले यही पूछेंगे.”

शितोळे सर रडले. दारातच, सदऱ्याच्या बाहीने नाक पुसत, हुंदके देऊन रडले. आवाजाने सोनाली उठून आली, आणि मग मी जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

अधिक महिना संपायच्या आत मनीष वरवंडला पाटावर बसला. वहिनींनी इतके धोंडे वाढले, की तो माझ्याकडे केविलवाणा बघायला लागला. फेटा बांधायला माणूस ठरवला होता, पण सरांनी त्याला हात लावू दिला नाही, स्वतः बांधला. हुबेहूब फळ्यावरचा, कांद्याची गोणी! डाव्या कानावरून घसरत होता. सोनाली हसून हसून बेजार झाली, म्हणाली, “काढ रे आता, जेवताना तरी.”

मनीषने एका हाताने फेटा धरला आणि दुसऱ्या हाताने जेवला.