सात पायऱ्यांचं मैदान

साऱ्या खानदेशात फुटबॉलवर आमच्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतकं फुटबॉलचं नुकसानही कुणी केलं नसेल. देवपुरात सगळे त्यांना आबा म्हणत. सहा फूट उंच, डोक्याला केशरी पागोटं, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. आबा येणार हे गल्लीच्या टोकाला कळायचं आणि ते काय बोलणार हे त्याच्याही आधी कळायचं, कारण त्यांच्याकडे विषय एकच होता. लग्नाच्या पंगतीत बसले की ताटातल्या गोल बट्टीचा ते चेंडू करीत आणि डाळीच्या वाट्यांचे गोल. एकदा व्याह्यांनी त्यातली बट्टी उचलून खाल्ली, तेव्हा आबांनी हात वर करून फाउल मागितला होता.

आता खरं सांगायचं तर आबांना त्या खेळातलं फारसं काही कळत नसे. त्यांनी तो सगळा शेतीच्या हिशोबाने समजून घेतला होता. गोलकीपर म्हणजे राखणदार. एवढं मोठं रान राखायला एकटा माणूस, आणि त्याच्या हातात गोफण नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे. ऑफसाइड म्हणजे दुसऱ्याच्या वावरात पीक निघायच्या आधीच जाऊन उभं राहणं. ते त्यांना तत्काळ पटलं होतं, कारण त्यांच्या बांधाशेजारचा माणूस वर्षानुवर्षं तेच करत आला होता. आबांची बायको, म्हणजे आमच्या मामी, मात्र त्यांना एका वाक्यात गार करीत. ओट्यावर आबांचं निरूपण रंगात आलं की आतून आवाज यायचा, "जिंदगीमा कधी बॉलले पाय लावा का तुम्ही?" आबा घसा खाकरून विषय पुढच्या सामन्याकडे वळवीत.

हे वेड कुठून लागलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा देवपुरातल्या शाळेत गणित शिकवत होतो आणि आबा त्या शाळेच्या चालक मंडळात होते. शाळेला स्वतःचं मैदान नव्हतं. सामने व्हायचे ते नदीपलीकडे, धुळ्यातल्या सरकारी परेडच्या मैदानावर. एका श्रावणात आमची अकरा पोरं चड्ड्या घालून निघाली आणि पांझरेला पूर आला. फरशीचा पूल पाण्याखाली. आम्ही अलीकडच्या काठावर, प्रतिपक्ष पलीकडच्या मैदानावर. ठरल्या वेळी पलीकडे शिट्टी वाजली. त्यांच्यातल्या एकाने चेंडू सावकाश चालवत नेला, रिकाम्या गोलात सोडला आणि आमच्याकडे पाहून वाकून नमस्कार केला. आबा काठावर भिजत उभे होते. तसेच ते घरी आले. ओट्यावर वहाणा काढता काढता म्हणाले, "मास्तर, शाळेला घरचं मैदान पाहिजे. आणि बसायला पायऱ्या. लोकांनी येऊन पाहिलं पाहिजे."

मंडळाच्या सभेत हा विषय निघाला. वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. अध्यक्ष होते सरकी-कापसाचे एक मारवाडी शेटजी, शांत आणि अतिशय समंजस माणूस. आणि समंजस माणसाशी भांडणं किती अवघड असतं ते आबांना त्या दिवशी कळलं.

शेटजी म्हणाले, "आबा, पलीकडचं मैदान फुकट मिळतं. आपल्याकडे प्रयोगाची खोली नाही. पोरं व्हरांड्यात गंधक जाळतात आणि खोकत खोकत गणिताला बसतात. आधी खोली की आधी मैदान?"

"शेटजी, दुसऱ्याच्या खळ्यावर मळणी करणारा माणूस घरी दाणे आणतो, रास आणत नाही."

"राशीला आधी पीक लागतं. आपल्या शाळेने अजून एक सामना जिंकलेला नाही."

"घरचं खळं नाही म्हणून."

"आणि जमीन?"

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. शाळेच्या मागे, नदीच्या काठाला त्यांचं एक वावर होतं. "माझं वावर घ्या," आबा म्हणाले.

माझी लेखणी थांबली. ते वावर कागदावर आबांचं असलं तरी त्यात राज्य मामींचं होतं. त्यात त्यांची वांगी होती. त्या वांग्यांच्या भरितासाठी थंडीच्या दिवसांत जळगावचे पाहुणे कारण नसताना धुळ्याला येत. शेटजींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी अट घातली. मैदान आणि पायऱ्या दसऱ्याच्या आत तयार व्हाव्यात आणि तिथे एक पुरा सामना व्हावा. न झाल्यास वावर आबांना परत, आणि हा विषय पुन्हा सभेत निघणार नाही.

अशा रीतीने आपली जमीन परत मिळेल या धास्तीने झोप उडालेला जगातला एकमेव माणूस आमच्या घरात तयार झाला. मामींना त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा मी हजर होतो. मामी उठून आत गेल्या. त्या आठवड्यात आबांच्या ताटात दोन्ही वेळ दुधीची भाजी पडली.

आबांनी मैदान स्वतः पावलं टाकून मोजलं. जाताना मोठी पावलं आणि येताना थकलेली, त्यामुळे मैदान एका बाजूला अरुंद झालं. पायऱ्यांसाठी त्यांनी विहिरी आणि घाट बांधण्यात हयात घालवलेला म्हातारा गवंडी गाठला. नदीकडच्या कडेला, पंचवीस हात लांब, सात पायऱ्या, माणसं पाय सोडून बसतील अशा. एवढं सांगून ते एका भाचीला भेटायला फैजपूरला गेले आणि केळीच्या बागांतल्या पाहुणचारात पंधरा दिवस अडकले.

परत आले तेव्हा पायऱ्या तयार होत्या. घडीव दगड, सांध्यात सुई जाणार नाही असं काम. फक्त त्यांचं तोंड मैदानाकडे नव्हतं. मैदानाच्या कडेपासून सुरू होऊन त्या नदीत उतरत होत्या. गवंड्याने पांझरेला एक सुंदर घाट बांधून दिला होता, आणि तिथे दोन बायका धुणं धूत होत्या.

आबांनी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. गवंडी शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "आबा, पायऱ्या पाणीकडेच उतरतस. वावरमा उतरनारी पायरी मी तं जलममा देखी नई."

दसऱ्याला चार दिवस उरले होते. पाडून बांधायला वेळ नव्हता. सामना दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठरला होता, तो तसाच ठेवला. गाव लोटलं. घाटावर बसावं तर समोर नदी आणि पाठीमागे, डोक्याच्या वर, मैदान. लोक मुकाट्याने कडेला जाऊन उभे राहिले. आबा मात्र सरळ सात पायऱ्या उतरून सगळ्यात खालच्या पायरीवर नदीकडे तोंड करून बसले.

"आबा, वर या, इथून दिसतं," शेटजी म्हणाले.

"पायऱ्या बसायला बांधल्या आहेत, शेटजी. कुणीतरी बसलं पाहिजे."

सामना सुरू झाला. आबा पाण्याकडे पाहत कान टवकारून बसले. मग वरच्या पायरीवर मामी येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, हात कमरेवर. दोन महिन्यांत आबांशी धड न बोललेल्या मामी मैदानाकडे पाहत खालच्या पागोट्याला सांगू लागल्या, आमचा सगळ्यात उंच पोरगा कसा पळतोय, पडला, पुन्हा उठला.

"आपला लंबू पळी राहिना. पडना. उठना. आते त्यास्ना राखणदार पुढे येल शे..."

"आणि चेंडू?" आबा मान न वळवता.

"बॉल आपलाकडेच शे. दम धरा."

मध्यांतर झालं, गोल कुणाचाच नाही. उरलेला अर्धा वेळही सरत आला, आणि आमच्या एका पोराने असा काही दणका मारला की चेंडू गोलावरून, लोकांवरून, मामींवरून उडाला आणि टप टप करत सात पायऱ्या उतरून थेट आबांपुढे आला.

आबा उठले. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, वर मामींकडे पाहिलं, उजव्या पायातली वहाण काढून बाजूला ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला पाय लावला.

चेंडू वर जाण्याऐवजी पांझरेच्या मधोमध पडला. नवरात्रातलं पाणी ओढीचं होतं. गाव काठावर उभं राहून त्याला जाताना पाहत होतं. दुसरा चेंडू मुंबईहून यायचा होता.

शेटजी हळूहळू पायऱ्या उतरून आले. "आबा, सामना पुरा झाला नाही. वावर तुमचं." ते हे अगदी हळू म्हणाले, जणू त्यांचीच चूक होती.

आबांनी वहाण पायात घातली. बोलल्या त्या मामी, वरूनच. "शेटजी, देल वावर परत लेसू का? त्या वांगास्नं भरीत मना गयाखाले उतरी का?"

दिलेलं परत घ्यायचं नाही, हे ऐकून शेटजींनी हात जोडले. वृत्तांतात मी "अट सर्वानुमते रद्द" असं लिहिलं.

मैदान राहिलं, पण पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीने आपला स्वभाव दाखवला. पोरांचे पाय घोट्यापर्यंत रुतले, आणि एकदा तर चेंडू खोऱ्याने उकरून काढावा लागला. पुढे तिथे प्रयोगाची खोली उभी राहिली. पोरं उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या वाळूत खेळू लागली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की आबांच्या पायऱ्या अगदी बरोबर तोंड करून बांधलेल्या आहेत. आबांनी तिथे बसून सहा-सात उन्हाळे सामने पाहिले. गवंड्याची माफी मागायची म्हणून ते एकदा त्याच्या गावीही जाऊन आले.

आबा जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा चैत्रात देवपूरला गेलो होतो. संध्याकाळी घाटाकडे वळलो, तर खाली वाळूत पोरं खेळत होती आणि वरच्या पायरीवर मामी बसल्या होत्या. सगळ्यात खालची पायरी मोकळी होती. मी मागे थांबलो.

"लंबू पळी राहिना," मामी त्या पायरीकडे पाहून हळू आवाजात सांगत होत्या. "पडना. उठना. बॉल आपलाकडेच शे. दम धरा."